मिटलेली दुनळी उघडत नसेल तर

आपण लिहिले आहे की, आजोबांकडून वारसाने आलेली, बाहेर घोडे (चाप ओढला की आघात करणारे हातोडे) असलेली बारा बोअरची जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होती. ती परत मिळाल्यावर रानडुकरांसाठी बागेत नेली, तेव्हा उजवा बार झाला, डावा घोडा पडूनही डावा बार झाला नाही, आणि आता वरचा खटका पूर्ण सरकतो तरी नळ्या खाली झुकत नाहीत. घरातील मंडळी नळ्या गुडघ्यावर घेऊन जोर लावा, नाहीतर लाकडाने ठोका, असे सुचवत आहेत. माझी कळकळीची विनंती आहे की यांपैकी काहीही करू नये. आपल्या बंदुकीच्या डाव्या नळीत जिवंत काडतूस आहे, आणि बहुधा स्ट्रायकरचे (घोड्याचा आघात पुढे पोचवणाऱ्या खिळ्याचे) टोक त्या काडतुसाच्या टोपीत (बुडाच्या, आघाताने पेटणाऱ्या भागात) रुतून बसलेले आहे. अशा स्थितीत बसलेला धक्का म्हणजे अर्धवट राहिलेला बार पूर्ण करण्याचा प्रयत्नच होय.

हे असे का होते ते समजले, तर पुढचे सारे सोपे जाते. दुनळी उघडताना नळ्यांचा मागचा भाग समोरच्या पोलादी भिंतीला घासत वर उचलला जातो. घोडा पडला की त्या भिंतीतील भोकातून स्ट्रायकर पुढे येतो, टोपीवर आघात करतो आणि मागे सरतो. तो मागे सरला नाही, तर टोपीतील खळगा व स्ट्रायकरचे टोक यांची खिळी बसते आणि नळ्या तसूभरही हलत नाहीत. अगदी जुन्या बंदुकांत घोडा आपोआप मागे येत नसे. तो हाताने अर्ध्यावर चढवल्याशिवाय बंदूक उघडतच नसे. पुढे आपोआप मागे येणारे घोडे आले. पण त्यांची स्प्रिंग थकली, किंवा वर्षानुवर्षे घातलेले खोबरेल आत वाळून चिकट झाले, की घोडा पुन्हा पुढेच पडून राहतो. आपली बंदूक कित्येक आठवडे तेलाचा हात न फिरता दमट हवेत उभी होती, त्यामुळे स्ट्रायकरच्या भोकात गंज धरला असल्याची शक्यता मला अधिक वाटते.

ज्यांच्यासोबत असा प्रसंग आताच घडत असेल, त्यांनी चाप सोडून नळ्यांची तोंडे मातीच्या बांधाकडे धरावीत आणि किमान एक मिनिट तशीच ठेवावीत, कारण दारू उशिराने पेटून बार होऊ शकतो. आपल्या बाबतीत तो वेळ केव्हाच उलटला आहे. तरीही पुढील प्रत्येक हालचालीत नळ्यांची दिशा तीच राहिली पाहिजे, आणि आसपास, विशेषतः पुढे, कोणीही नसावे. आता दोन्ही घोड्यांची तुलना करून पाहा. उजवा थोडा मागे उभा आणि डावा पूर्ण टेकलेला दिसला, तर कारण सापडलेच म्हणून समजा. बोटे चापाच्या कडीबाहेर ठेवून, कोरड्या अंगठ्याने डावा घोडा फक्त अर्ध्या टप्प्यापर्यंत उचलावा. त्यासाठी चाप ओढावा लागत नाही. टिक् असा आवाज येताच थांबावे, पूर्ण चढवू नये. मग वरचा खटका सरकवून नळ्यांना त्यांच्या वजनानेच झुकू द्यावे. उघडली तर ते काडतूस पुन्हा कधीही वापरू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे सोपवावे.

घोडा अंगठ्याला जड लागत असेल, अर्ध्यावर अडकून राहत नसेल, किंवा घोडा उचलूनही नळ्या हलत नसतील, तर घरातील काम तेथे संपले. नळीच्या तोंडातून गज घालून काडतूस मागे रेटण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वांत घातक आहे, कारण त्याने टोपी थेट स्ट्रायकरवर दाबली जाते आणि हात नळीच्या तोंडासमोर असतो. तेलही भिंतीच्या भोकांत ओतू नये. तेलाने टोपी निकामी होईलच असा भरवसा नसतो, आणि निकामी झाल्याचे बाहेरून कळत नाही.

अशी बंद, भरलेली बंदूक एसटीने किंवा दुचाकीवरून नेऊ नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा आणि परवानाधारक कारागिराला शक्यतो घरीच बोलवा; शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीचा व्यवसाय करण्यासही परवाना लागतो. बाहेर घोडे असलेल्या बंदुकांचा एक मोठा गुण असा की, बहुतेकांत स्ट्रायकर बाहेरच्या बाजूने एका लहान स्क्रूने धरलेला असतो. मी एकदा एका वृद्ध कारागिराला घोडा वर धरून तो स्क्रू काढताना आणि स्ट्रायकर चिमट्याने मागे ओढताना पाहिले आहे; नळ्या अलगद झुकल्या, कोणताही जोर लागला नाही. स्ट्रायकरचे टोक वाकून गंजले होते. नवा स्ट्रायकर घडवून बसवणे एवढीच दुरुस्ती होती. याउलट, माझ्या स्वतःच्या बंदुकीला दुसऱ्या एकाने हातोडी लावून ती उघडली खरी, पण नळ्यांखालचा आकडा आणि बिजागरीचा दांडा यांचा मेळ बिघडला. मिटल्यावर नळ्या व भिंत यांच्यात फट राहू लागली, आणि ती बंदूक मी पुन्हा वापरू शकलो नाही.

दोन्ही बार झालेले असताना दुनळी अडकली, तर कारणे वेगळी असतात. टोपी मागे सरकून भिंतीला भिडलेली असते किंवा काडतुसाचा पितळी काठ फुगलेला असतो. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतुसाचे घर, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याची जागा, पुष्कळदा ६५ मिमीचे असते, आणि आज सर्रास मिळणारी काडतुसे ७० मिमीची असतात. ही लांबी उडालेल्या, पूर्ण उलगडलेल्या काडतुसाची असल्याने न उडालेले काडतूस आत निमूट बसते आणि फसवते. बार होताना मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा पुरत नाही, दाब वाढतो, टोपीही फुगते. आपली बंदूक उघडल्यावर नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवरील छाप वाचून घ्या, आणि कारागिराकडून घराची लांबी मोजून घेतल्याखेरीज नवे काडतूस त्यात घालू नका.

तोपर्यंत दोन्ही घोडे कसे उभे आहेत आणि डावा अंगठ्याला कितपत जड लागतो, एवढे मला कळवा. कारागिराला काय सांगायचे ते त्यावरून नेमके लिहून देता येईल.