ब्राझील नट आणि गळणारे केस

प्रश्न : ताई, माझी मुलगी 24 वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते. केस फार गळतात म्हणून दोन महिने रोज सात-आठ ब्राझील नट आणि मिक्स सीड्स खातेय. तरी केस थांबेनात आणि परवा हिमोग्लोबिन 9.8 आलं. बियांमध्ये लोह, जस्त भरपूर असतं ना?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ब्राझील नट आजच थांबवा, बाकीचं मग बोलू. एका नटात साधारण 70 ते 90 मायक्रोग्रॅम सेलेनियम हे खनिज असतं. झाडाखालच्या मातीप्रमाणे ते कमी-जास्त होतं. मोठ्या माणसाला दिवसाला 55 पुरतं, 400 च्या वर जाऊ नये. आठ नटांचा हिशेब तुम्हीच करून पाहा. आणि सेलेनियम जास्त झालं की काय होतं? केस गळतात, नखं ठिसूळ होतात. लेकीचे केस आधी रक्त कमी असल्यामुळे गळत असतील आणि आता त्यात ही भर पडली असेल. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

आता लोहाचं. 100 ग्रॅम तिळांत सुमारे 14 मिलिग्रॅम लोह असतं, पण आपण खातो मोठा चमचाभर. त्यातून दीड मिलिग्रॅमही मिळत नाही. तिच्या वयाच्या बाईची रोजची गरज, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे, 29 मिलिग्रॅम. शिवाय बियांतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं. 9.8 वर आणखी महिनाभर बियांच्या भरवशावर थांबू नका. डॉक्टर देतील ती लोहाची गोळी सुरू करा.

बिया मात्र सोडू नका. त्याच चमचाभर तिळांत 0.4 मिलिग्रॅम तांबं असतं, आणि तांबं कमी पडलं तर साठ्यातलं लोह रक्तापर्यंत पोचत नाही. जस्तासाठी भोपळ्याच्या बिया उत्तम, त्या चालू राहू देत.

शनिवार पेठेत आईच्या ओट्यावर तीळ, कारळे आणि जवस यांच्या चटण्यांच्या तीन बरण्या कायम भरलेल्या असत. तिन्हींत लसूण सढळ हाताने. पुढे मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की धान्य-डाळींसोबत लसूण-कांदा असला की त्यातलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. ते वाचलं त्या दिवशी मी आईला लगेच फोन केला होता.

तेव्हा डब्यात ज्वारीची भाकरी, कारळ्याची लसूण घातलेली चटणी आणि लिंबाची फोड द्या. लिंबाने लोह अंगी लागतं, चहाने अडतं. जेवण झाल्या झाल्या ऑफिसात घेतला जाणारा चहा तिला तासभर पुढे ढकलायला सांगा.