लॉकडाऊनमध्ये सोलापूरची हवा स्वच्छ झाली, मग कार्बन डायऑक्साइड का घटला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोलापूरची हवा निवळली, तरी त्याच वर्षी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने नवा उच्चांक गाठला असं वाचायला मिळतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि मुलीच्या बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गच्चीवर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावून असा परिणाम दाखवता येईल का?

सेन्सरचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे घालायच्या बेतात आहात. असा परिणाम दाखवता येणार नाही. प्रश्न थोडा फिरवून घेतला, तर प्रकल्प मात्र उत्तम होईल.

आता पहिला भाग. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तास, फार तर एखादा दिवस टिकतो. सूक्ष्म धूलिकण काही दिवस ते आठवडा-दोन आठवडे. म्हणजे आज मोजलेलं प्रदूषण हे बहुतेक आज-काल सोडलेलंच असतं. २५ मार्चला वाहनं थांबली आणि फरक लगेच दिसला, तो यामुळे. कार्बन डायऑक्साइड मात्र साठत जातो. गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत जाळलेल्या कोळशा-तेलाचा मोठा हिस्सा अजून हवेतच आहे, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं राहणार आहे.

पावसाळ्यात उजनीची टक्केवारी रोज पाहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. दौंडचा विसर्ग ४० हजार क्युसेकवरून ३८ हजारांवर आला, तर धरणाची पातळी खाली येते का? चढतच राहते, किंचित सावकाश. २०२० मध्ये जगाने हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड साधारण एवढ्याच प्रमाणात कमी झाला होता.

आकडे मांडून पाहू. २०१९ मध्ये कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून जगाचं उत्सर्जन सुमारे ३७ अब्ज टन होतं. २०२० मध्ये ते ५ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे साधारण २ अब्ज टनांनी घटलं. एप्रिलच्या सुरुवातीला रोजचं उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा १७ टक्के खाली होतं, पण ती घसरण काही आठवडेच टिकली. डिसेंबर २०२० मध्ये ऊर्जाक्षेत्राचं उत्सर्जन आदल्या डिसेंबरच्याही वर गेलेलं होतं. हवेत १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढ व्हायला ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. २ भागिले ७.८ म्हणजे ०.२६ पीपीएम. सोडलेल्यातला जवळपास निम्मा वायू समुद्र आणि झाडं शोषून घेतात, तोही हिशेब धरला तर लॉकडाऊनचा परिणाम ०.१३ ते ०.२६ पीपीएमच्या दरम्यान येतो.

हा फरक दिसतो का, ते पाहायला हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख घ्या. तिथे एका वर्षातच ऋतूंमुळे ६ पीपीएमचा चढ-उतार होतो. वार्षिक वाढही सारखी नसते: २०१५ आणि २०१६ या अल नीनोच्या प्रभावाच्या वर्षांत ती ३ पीपीएमच्या आसपास होती, त्याआधीच्या काही वर्षांत २ च्या जवळ. निसर्ग आपणहून एवढा हलत असताना पाव पीपीएम त्यात बुडून जातो. मे महिन्याची सरासरी २०१९ मध्ये ४१५ च्या जरा खाली, २०२० मध्ये ४१७ च्या जरा वर आणि २०२१ मध्ये ४१९ च्या आसपास. या रांगेत लॉकडाऊन कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

स्थानिक हिशेबही करून पाहा, मुलांना आवडतो. एनटीपीसीचा सोलापूरचा कोळशावरचा वीज प्रकल्प १,३२० मेगावॅटचा, ६६० चे दोन संच. पूर्ण भाराने चालला आणि दर मेगावॅट-तासाला ०.९ टन धरला, तर दिवसाला २८ हजार टनांच्या वर आणि वर्षाला सुमारे १ कोटी टन. तो वर्षभर पूर्ण बंद ठेवला तरी जगाच्या हवेत फरक पडेल ०.००१३ पीपीएमचा, तोही समुद्र-झाडांची वजावट न करता. याचा अर्थ वीज प्रकल्प नगण्य आहे असा मुळीच नाही; एवढ्या मोठ्या साठ्यात एका वर्षाची एका ठिकाणची बंदी दिसत नाही, इतकाच.

सगळं ठप्प असताना घट फक्त पाच टक्के कशी, हे पुढे कुणीतरी विचारणारच. ठप्प झाली ती मुख्यतः वाहतूक. एप्रिल २०२० मध्ये देशातला पेट्रोलचा खप सुमारे ६० टक्के आणि डिझेलचा ५५ टक्के घटला, पण घरगुती गॅसमुळे एलपीजीचा १२ टक्के वाढला. विजेची मागणी साधारण पाव हिश्श्याने कमी झाली. यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने थांबले तरी घरातले पंखे, फ्रिज, दवाखाने, पाणीपुरवठा चालूच होते. शेतीला सूट होती, उसाला युरिया पडतच होता, म्हणून खतांतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूची वाढही थांबली नाही. तो वायू शंभर वर्षांहून जास्त टिकतो.

मिथेनची गोष्ट सगळ्यांत मजेशीर आहे आणि प्रकल्पात ती असावीच, कारण तिथे अपेक्षेच्या बरोबर उलटं घडलं. २०२० मध्ये मिथेन सुमारे १५ पीपीबीने (अब्ज भागांत १५ भाग) वाढला. १९८३ पासून पद्धतशीर नोंदी आहेत, तेव्हापासूनची ती सर्वांत मोठी वार्षिक वाढ. २०२१ ने तोही विक्रम मोडला. कारणं दोन. पाणथळ जमिनी त्या वर्षी जास्त ओल्या आणि उबदार होत्या, त्यांतून मिथेन जास्त निघाला. दुसरं कारण थेट लॉकडाऊनशी जोडलेलं आहे. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय क्षणजीवी कण असतो, तो मिथेनला नष्ट करतो. त्याच्या तयार होण्याला नायट्रोजनची ऑक्साइडं हातभार लावतात, आणि नेमकी तीच गाड्या-विमानं थांबल्याने कमी झाली. हायड्रॉक्सिल घटला, मिथेन जास्त काळ टिकला. २०२२ मधल्या एका अभ्यासाने या दोन कारणांना जवळपास अर्धा-अर्धा वाटा दिला. इतर काही अभ्यास पाणथळींचा वाटा बराच जास्त धरतात. मुलीने दोन्ही बाजू लिहाव्यात, परीक्षक तिथेच प्रश्न विचारतील.

आता प्रकल्प कसा करायचा. शीर्षक ‘लॉकडाऊनमुळे कार्बन डायऑक्साइड घटला का’ असं न ठेवता ‘हवेत कमी-जास्त काळ टिकणाऱ्या वायूंवर लॉकडाऊनचा परिणाम’ असं ठेवा. स्थानिक बाजूसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून सोलापूरच्या स्वयंचलित केंद्राची तासागणिक आकडेवारी उतरवा: नायट्रोजन डायऑक्साइड, पीएम २.५ आणि पीएम १० (बारीक आणि त्याहून जाड धूलिकण), ओझोन. कार्बन डायऑक्साइड तिथे शोधू नका. तिथे दिसणारा ‘सीओ’ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड; या दोघांची गल्लत बरेच विद्यार्थी करतात.

आकडेवारी जशी मिळेल तशी वापरायची नाही. सलग दहा-बारा तास एकच आकडा दिसला तर उपकरण अडकलेलं होतं, ते तास वगळा. दिवसाच्या २४ पैकी किमान १६ तासांची नोंद नसेल तर तो दिवसच सोडा. कालावधी २५ मार्च ते ३ मे घ्या आणि त्याच तारखा २०१९ शी, उपलब्ध असतील तर २०१८ शीही, ताडून पाहा. फेब्रुवारी विरुद्ध एप्रिल अशी तुलना करू नका. उन्हाळ्यात तापलेली हवा उंचावर चढून मिसळते, त्यामुळे लॉकडाऊन नसतानाही नायट्रोजन डायऑक्साइड एप्रिलमध्ये कमीच दिसतो. २०२१ ला ‘नेहमीचं वर्ष’ समजू नका. १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध होते. वळवाच्या पावसाचे दिवस वेगळे ठेवा. साखर कारखान्यांचा हंगामही मार्च-एप्रिलकडे आटोपत येतो, त्यामुळे त्या धुरातली घट लॉकडाऊनच्या नावावर लावू नका. पीएम १० कमी घटलेला दिसला तर घाबरू नका, आपल्याकडे उन्हाळी वाऱ्याची मातीच पुष्कळ असते.

जागतिक बाजूसाठी मौना लोआची मासिक फाइल घ्या. त्यात मासिक सरासरी आणि ऋतुचक्र वजा केलेली सरासरी असे वेगळे स्तंभ असतात. वाढ काढायला दुसरा वापरा. २०२० च्या बातम्यांतले आकडे आणि फाइलमधले आकडे ०.२ पीपीएमने जुळणार नाहीत. २०२१ मध्ये मोजणीची प्रमाण-श्रेणी (उपकरणं ज्याच्याशी जुळवतात तो मापदंड) सुधारली गेली, त्याचा हा फरक. तुमची चूक नव्हे.

आणि सेन्सर. एमक्यू-१३५ नावाचा सेन्सर घेऊच नका. प्रकल्पांत सर्रास दिसतो, पण तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. इतर वायूंना प्रतिसाद देतो आणि त्यावरून अंदाज छापतो. अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर खरा, पण त्याचीही अचूकता साधारण ५० पीपीएम अधिक वाचनाच्या ३ ते ५ टक्के. शोधायचं आहे ते पाव पीपीएम, आणि ते वर्षही केव्हाच गेलं.

आधीच घेतला असेल तर दुसऱ्या कामाला लावा: गच्चीवर पहाटे ५ आणि दुपारी ३ च्या नोंदी घेऊन रात्री वायू जमिनीलगत कसा साचतो ते दाखवा, खास करून हिवाळ्यात. सेन्सरचं स्वयंकॅलिब्रेशन (आपोआप जुळणी) बंद ठेवा, नाहीतर आठवडाभरातलं सर्वांत कमी वाचन तो आपणहून ४०० मानून बसतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, त्यामुळे हवेचा दाब सुमारे ५ टक्के कमी. दाबाची दुरुस्ती केली नाही तर वाचन वीसेक पीपीएमने खाली येतं. बॉक्स सावलीत आणि हवेशीर ठेवा, ४२ अंशांच्या उन्हात नको. वाचन घेताना एक-दीड मीटर लांब उभं राहा, कारण श्वास सोडला की आकडा लगेच हजाराच्या वर जातो. दोन सेन्सर वापरणार असाल तर आधी आठवडाभर शेजारी-शेजारी चालवा, त्यांच्यातला कायमचा फरक काढा आणि तो वजा करूनच पुढची तुलना करा.