सुरुंगात पाय गेलेल्या भावाला खेळाकडे कसं वळवावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ फौजेत, डावा पाय सुरुंगात गुडघ्याखालून गेला, कृत्रिम पाय बसला, आता सुट्टीवर घरी आलाय आणि दिवसभर मोबाईल घेऊन पडून असतो. गावातले भेटायला येतात, ‘पॅरालिम्पिकला जा, पदक आण’ म्हणतात, की हा उठून आत जातो. आईंना भीती, खेळायला गेला तर उरलेल्या पायाचंही काही होईल. जखमी जवानांच्या फिजिओथेरपीत माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पदकाचा विषय घरातून हद्दपार करा. लोक होकातो सेमांचं नाव घेतात. २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत कांस्य, १४.६५ मीटर. नागालँडचा माणूस, पाय गेला काश्मीरमध्ये सुरुंगात, तुमच्या भावासारखाच डावा, गुडघ्याखालून. पण तारखा बघा. स्फोट २००२ चा, हातात गोळा आला २०१६ मध्ये, तोही पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची तब्येत बघून सुचवलं म्हणून. मधली चौदा वर्षं कुणी छापत नाही. त्याच अंतिम फेरीत सोमन राणा पाचवे आले, तेही फौजेतले, तेही सुरुंगाचेच जखमी. त्यांचं नाव तुमच्या गावात कुणी घेतलं का? नाही ना. पदकावर मोजायला गेलं की असं होतं.

आपले पेटकर घ्या. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे (ईएमई) जवान आणि मुळात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू असताना त्यांना पाण्यात उतरवलं ते व्यायाम म्हणून. १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्ण आणलं, ती नंतरची गोष्ट. पाण्यात शरीराचं वजन जाणवत नाही, तोल जाऊन आपटायची भीती नाही, आणि हात-खांदे-छाती सगळं कामाला लागतं. पॅरालिम्पिकची मूळ कल्पनाही रुग्णालयातलीच. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. गुटमान मणक्याला मार लागलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांनी १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ ते.

आता तुमच्या भावाचं. गुडघा शाबूत आहे ही फार मोठी गोष्ट. त्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: कृत्रिम पाय लावून उभ्याने खेळणं किंवा बसून फेकणं. भालाफेकीतला सुमित अंतिल उभ्याने फेकतो, त्याचाही पाय गुडघ्याखालूनच गेलेला. सेमा आणि राणा बसून फेकतात, एफ ५७ गटात. बसून म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं. जमिनीला घट्ट बांधलेली लोखंडी बैठक असते, उशीसकट जास्तीत जास्त ७५ सेंटीमीटर उंच. खेळाडूला पट्ट्यांनी तिच्यावर बांधतात, काही जण एका हाताने दांडा धरतात. गोळा पडून त्या जागेची खूण होईपर्यंत बूड उचललं की फेक बाद. पायाचा जोर नाही, धाव नाही, त्यामुळे सगळी ताकद पोट, कंबर आणि खांद्यातून काढावी लागते. बांधाबांधीला वेळ लागतो म्हणून एकेकाच्या सगळ्या फेका सलग उरकतात. आईंना हे सांगा. यात उरलेल्या पायावर फारसा भारच येत नाही.

त्यांची भीती अगदीच चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. धोका असतो तो कातडीला. कापलेल्या भागाची, आम्ही स्टंप म्हणतो, कातडी मुळात असा भार घ्यायला बनलेली नसते. घाम येतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर चढणारी वाटी, आतून घासतं, फोड येतो आणि मग कृत्रिम पाय कित्येक दिवस कोपऱ्यात. शिवाय स्टंप दिवसभर सारखा राहत नाही, चालल्यावर बारीक होतो आणि सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी ढिलं वाजायला लागतं. तेव्हा वर आणखी एक मोजा चढवायचा, तसंच रेटायचं नाही. व्यायाम झाला की सॉकेट काढून आरशात मागची बाजूही बघायची. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक. वीस मिनिटांनंतरही तशीच असेल तर त्या दिवशी पाय परत चढवायचा नाही आणि सॉकेट दुरुस्त करून घ्यायचं. धावण्यासाठीच्या वाकड्या पात्यासारख्या कृत्रिम पायाचे व्हिडिओ त्याने पाहिले असतीलच. पण आधी रोजचा पाय नीट बसू दे.

खेळाने सगळं बरं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नसलेल्या पायात कळा येतात, त्या खेळूनही येऊ शकतात. रात्री दचकून उठणं, दारू वाढणं, ‘मी मेलो असतो तर बरं’ असलं बोलणं यातलं काहीही दिसलं तर मैदान राहू द्या, आधी मानसोपचारतज्ज्ञ.

मग खेळ नेमका कुठे उपयोगी पडतो? माझ्या अनुभवात, सोबतीत. फौजी माणूस पलटणीत वाढलेला असतो. घरी सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, पाण्याचा पेला हातात देतात आणि तो आतून चिडतो. त्याच्यासारखेच पाच-दहा जण असलेल्या ठिकाणी कुणी दया दाखवत नाही. उलट पट्टा ढिला राहिला की शिव्या बसतात. नवा मुलगा सॉकेट काढायला लाजत असतो, शेजारचा सीनियर स्वतःचं काढून बाकाखाली सारतो आणि खायला काय आहे विचारतो. तेवढ्यावर लाज निम्मी होते. हे आम्हा फिजिओंना जमत नाही, आमचे दोन्ही पाय जागेवर असतात.

तेव्हा त्याला ‘खेळ’ म्हणू नका. ‘तुझ्यासारखे बाकीचे काय करतात बघून येऊ’ एवढंच म्हणा. पुण्यात खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये सैन्याचं पॅरालिम्पिक नोड, म्हणजे अपंगत्व आलेल्या जवानांना खेळ शिकवायचं केंद्र, आहे, २०१७ पासून. तो अजून सेवेत आहे, म्हणून विचारणा युनिटमार्फतच करा, मधल्या एजंटांच्या नादी लागू नका. कुठला खेळ ते त्याला ठरवू द्या. नेमबाजी म्हणाला तर नेमबाजी, पोहणं म्हणाला तर पोहणं. जखम पूर्ण भरली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मात्र पाण्यात नाही. तोवर लाली किती वेळ टिकते ते रोज एका वहीत लिहायला त्यालाच सांगा आणि पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.