गाणे थांबवू नकोस, मैफल थांबव

प्रश्न : मी कोल्हापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे शिकते आणि विशारद झाले आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे पक्के बसायला रोज चार तास रियाज हवा आणि यंदा आकाशवाणीची ऑडिशन द्यावी, असे गुरुजी म्हणतात. पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) सीट हातात येईपर्यंत तंबोरा माळ्यावर टाक, असे बाबांचे म्हणणे आहे. मला क्लासला नेहमी आईच नेत असे. बाबा गुरुजींना कधी भेटलेलेच नाहीत. परवा वॉर्डात राऊंड चालू असताना सरांनी प्रश्न विचारला तेव्हा मी मनात तीनतालाची आवर्तने मोजत होते. सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. एक वर्ष शिक्षण थांबवून फक्त गाणे करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रिय मुली, शिक्षण मध्येच थांबवू नकोस, हे आधी स्पष्ट सांगते. नियमाने ते अशक्य आहे असे नाही, कारण प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा करण्याची मुभा असते. पण थिअरीची 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांची 80 टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे तू वर्षभर घरी बसलीस की बॅच सुटली, आणि मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग हे सगळे जड विषय तुला अनोळखी मुलांत बसून, आपण मागे राहिलो ही बोच मनात ठेवून करावे लागतील. ती बोच गाण्यातही उतरते. तेच वर्ष इंटर्नशिप संपल्यावर घेतलेस तर त्याचा अर्थच बदलतो, कारण नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी असंख्य मुले त्या टप्प्यावर वर्षभर घरी थांबतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारत नाही. पहाट आणि सकाळ गाण्याला, उरलेला दिवस अभ्यासाला, अशी वाटणी तेव्हा करता येईल. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यामुळे एक वर्षाची सक्तीची सरकारी (बंधपत्रित) सेवा तुझ्यामागे आहे, तीही या हिशेबात आत्ताच धर.

डॉक्टरकी आणि कला यांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच डॉ. श्रीराम लागूंचे नाव निघते. ते नाक-कान-घशाचे सर्जन होते आणि 1969 साली, चाळिशी उलटल्यावर, व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले, एवढे सगळ्यांना माहीत असते. त्याआधीची अनेक वर्षे ते पुण्यात हौशी रंगभूमीवर काम करतच होते, हे मात्र सांगणारे विसरतात, आणि तुझ्यासाठी नेमकी तीच गोष्ट कामाची आहे. तुझ्याच घराण्यातल्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, तीही गाणे न सोडता. अर्थात संशोधकाला रात्रपाळीत प्रसूतीच्या खोलीत उभे राहावे लागत नाही, त्यामुळे हे उदाहरण तुला जसेच्या तसे लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

तुझ्या पत्रात मला एक गल्लत दिसते. तालीम आणि मैफल या दोन गोष्टी तू, आणि बहुधा गुरुजी व बाबाही, एकच धरून चालला आहात. तालीम खंडित झाली तर गळ्यावरचा संस्कार पुसट होतो आणि तो पुन्हा उमटवायला फार वेळ लागतो, म्हणून माळ्यावर तंबोरा टाकण्याचा बाबांचा सल्ला मला मान्य नाही. पण मैफल, स्पर्धा, ऑडिशन हे दोन-तीन वर्षे पुढे ढकलल्याने गाण्याचे काही बिघडत नाही. उलट ऑडिशनची तारीख जवळ आली की रियाजाचे रूपांतर तयारीत होते, आणि तयारी अभ्यासाचे तास खाते.

आता चार तासांविषयी. गुरुजींचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते चारही तास गळ्यातूनच गेले पाहिजेत असे नाही. पहाटे खर्जापासून, म्हणजे खालच्या स्वरांपासून सुरुवात करून पाऊण-एक तास आकार (‘आ’ लावून सूर घोटणे), मग एकाच रागातली विलंबित बढत (रागाचा सावकाश विस्तार), इतके आवाजाचे काम रोज पुरे. पुढचे सहा महिने यमन किंवा भूप असा एकच राग धरू द्यावा, अशी गुरुजींना विनंती कर. सावनी आणि खोकर हे तुमच्या घराण्यातले अनवट राग कुठे पळून जात नाहीत. बाकीचे काम कानाचे आणि डोक्याचे आहे : शेंडा पार्कला कॉलेजात जाता-येता जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणे, बंदिशीचे शब्द मात्रांवर नेमके कुठे पडतात ते वहीत मांडणे, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याचा रस्ता मनात दोन-तीन तऱ्हांनी आखून पाहणे. तुमच्या गायकीत लयीशी बांधलेला विचार इतका आहे की हे मूक काम फुकट जात नाही.

आवाजाला मात्र जप. रात्रपाळी करून आलेल्या सकाळी गाऊ नकोस, झोप. रात्री अकराला तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आडवे व्हायचे आणि पहाटे खर्ज लावायचा, हेही जमणार नाही. आम्ल घशाशी आले की स्वरतंतूंचे काय होते ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरुणपणी अतिगायनाने तुमच्या घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज गेला आणि त्यानंतर त्यांनी गायकीची नवी मांडणी केली, ही हकिकत तू ऐकली असशीलच. ती ऐकायला छान वाटते, पण खाँसाहेबांना दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसायचे नव्हते.

वॉर्डातल्या प्रसंगाबद्दल मी सरांच्या बाजूची आहे. खाटेवरच्या माणसासमोर उभी असताना मनात आवर्तन चालू देणे ही कलावंताची तंद्री नव्हे, ती बेफिकिरी आहे. सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात लांबच्या गावांहून एसटीने आलेली माणसे आपले दुखणे एकदाच सांगतात, आणि पुढे त्यांच्यावर उपचार करताना ते एकदाच ऐकलेले तुला आठवावे लागणार आहे.

पीजीची शाखा निवडताना गाणे जरूर हिशेबात धर. पॅथॉलॉजी, त्वचारोग किंवा नेत्ररोग घेतलेस तर बऱ्याच रात्री घरी मिळतील. स्त्रीरोग किंवा सर्जरी घेतलीस तर ती तीन वर्षे गाणे जेमतेम जिवंत ठेवण्यापुरतेच होईल. पण केवळ रात्री मोकळ्या मिळाव्यात म्हणून नावडती शाखा घेऊ नकोस, कारण जन्मभराचा कंटाळा रियाजालाही पोखरतो.

ऑडिशन यंदा नाही, हे गुरुजींना फोनवर कळवू नकोस. समोर बसून सांग, आणि त्या दिवशी आईऐवजी बाबांना बरोबर ने. तुझ्या भवितव्याबद्दल दोन वडीलधारी माणसे परस्परविरोधी हुकूम देत आहेत आणि त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही, हे मला तुझ्या वेळापत्रकापेक्षा अधिक अडचणीचे वाटते. बाबांना बाहेर थांबवू नकोस. शिकवणी चालू असताना आत बसू दे, आणि पाहिजे तर त्यांनाच गुरुजींना विचारू दे की मुलगी खरोखर कितपत गाते.