ओपन-मेटिओ या हवामान-सेवेकडून तासाच्या अंदाजाचे पाच घटक मागून गार्मिनच्या घड्याळात सोलापूरचं तापमान आणणारं माझं ॲप सिम्युलेटरवर (लॅपटॉपवरच्या नकली घड्याळावर) चालतं, मग हातातल्या घड्याळावर कधी -१०४, कधी -४०२ का येतं?

सिम्युलेटर तुमच्या लॅपटॉपचं इंटरनेट वापरतो. खऱ्या घड्याळातली 'मेकवेबरिक्वेस्ट' (इंटरनेटवरून माहिती मागणारी आज्ञा) मात्र ब्लूटूथवरून फोनमधल्या गार्मिन कनेक्ट ॲपकडे जाते, ते ॲप सर्व्हरकडून उत्तर आणतं आणि घड्याळाला देतं. म्हणून 'एरर आली' एवढंच दाखवू नका. कॉलबॅकमध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये, येणारा रिस्पॉन्स कोड स्क्रीनवर छापा.

-१०४ म्हणजे फोनशी जोडणीच नाही. फोन जुळे सोलापुरात घरी ठेवून तुम्ही सिद्धेश्वर तळ्यावर पळायला गेलात, तर तो येणारच. अशा वेळी मागचं साठवलेलं तापमान वेळेसकट दाखवा. फोन खिशात असूनही येत असेल तर अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला गार्मिन कनेक्ट बंद केलंय का पाहा. त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका.

-४०२ म्हणजे उत्तर फार मोठं आहे, आणि तुमची खरी अडचण हीच दिसते. ओपन-मेटिओकडे तासाचा अंदाज मागितला की ते ७ दिवसांचा देतं: प्रत्येक घटकाचे (तापमान, आर्द्रता वगैरे) १६८ आकडे, शिवाय त्या १६८ तासांच्या तारीख-वेळांची यादी. तुम्ही तर पाच घटक मागताय! मनगटावर एक आकडा दाखवायला एवढं कशाला? लॅटिट्यूड १७.६६, लाँगिट्यूड ७५.९१ देऊन 'करंट'मध्ये (आत्ताच्या स्थितीत) फक्त २ मीटरवरचं तापमान मागा. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' द्याच, नाहीतर वेळ जीएमटीत येते, साडेपाच तास मागे. तासांचे आकडे हवेच असतील तर फोरकास्ट डेज (अंदाजाचे दिवस) १ ठेवा. आकार कमी न करता पुन्हापुन्हा विनंती पाठवून काही होणार नाही, बॅटरी तेवढी जाईल.

उत्तर आलं पण ते उलगडताना मेमरी संपली, तर -४०३ येतो. सिम्युलेटरमध्ये तुमचंच मॉडेल निवडलंय ना? मॉडेलप्रमाणे मेमरी बदलते.

पुढे स्वतःचा सर्व्हर लावलात तर तो एचटीटीपीएसवरच (सुरक्षित जोडणीवर) हवा. साध्या एचटीटीपीला -१००१ मिळतो. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएसची सक्ती चालू ठेवून तपासा, म्हणजे हे आधीच कळेल. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये) कम्युनिकेशन्स परमिशनही लागते.

आणि हे ॲप नसून वॉचफेस (घड्याळाची मुख्य तबकडी) असेल, तर तिथून थेट विनंती करता येत नाही. बॅकग्राउंड सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा कोड) लिहावी लागते. ती किमान ५ मिनिटांच्या अंतराने चालते आणि एका वेळी ३० सेकंदच मिळतात. तापमानाला अर्ध्या तासाचं अंतर पुष्कळ झालं.