इंग्लंडच्या औद्योगिक भागातल्या पबच्या नावांमागे खरंच काही इतिहास असतो, की नुसती जुनाट दिसणारी पाटी?

असतो. पण तो पाटीवर कमी आणि लोकांच्या तोंडी जास्त. मी बर्मिंगहॅमला लागून असलेल्या ब्लॅक कंट्रीत राहतो, म्हणजे डडली, वेस्ट ब्रॉमिच, वॉल्सॉलच्या पट्ट्यात. त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगतो. जमिनीखाली कोळसा आणि वर लोखंडाच्या भट्ट्या, असा हा मुलूख.

‘अमुक आर्म्स’ (आर्म्स म्हणजे घराण्याचं मानचिन्ह) अशी पाटी दिसली की बरेचदा समजायचं, इथली जमीन त्या घराण्याची. डडलीजवळ हिमलीला १७६५ सालचं एक शेतघर होतं, त्याचा पुढे पब झाला. सर स्टीफन ग्लिन हे जमीनदार, म्हणून नाव ‘ग्लिन आर्म्स’. पण खालचा कोळसा उपसत गेले तशी इमारत एका अंगाला खचली, दुसऱ्या बाजूपेक्षा सुमारे ४ फूट खाली. मग ग्लिनसाहेबांना कोण विचारतो! पब झाला ‘क्रुकिड हाउस’, म्हणजे वाकडं घर. १९४०च्या दशकात तो पाडायची वेळ आली होती. एका बिअर कंपनीने विकत घेऊन त्याला टेकू दिले, तिरकेपणा मात्र तसाच ठेवला. आत टेबलावर गोटी ठेवली की ती चढावर गेल्यासारखी दिसायची. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे आग लागली आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंतीही पाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउन्सिलने होता तसा परत बांधा म्हणून नोटीस काढली. लोक एवढे चिडले होते ते वाकड्या घरासाठी, ग्लिन घराण्यासाठी नव्हे.

इथे पावलोपावली पब का, यालाही कारण आहे. १८३० च्या कायद्याने २ गिनी भरून जवळपास कुणालाही घरात बिअर विकायचा परवाना मिळू लागला. खाणीत मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला इथे ‘बटी’ म्हणत. अनेक बटींचा स्वतःचा गुत्ता असायचा आणि पगार तिथेच वाटला जायचा. या हाताने द्यायचे, त्या हाताने गल्ल्यात ओढायचे! खाणकामगारांपुरती ही पद्धत १८४२ मध्ये कायद्याने बंद केली, बाकीच्या बऱ्याच धंद्यांत १८८३ मध्ये. जुन्या पबच्या गोड आठवणी सांगणारे हा भाग सहसा गाळतात.

नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’ बघाच. टायटॅनिकचा मोठा नांगर घडला तो याच गावात, हिंगलींच्या कारखान्यात. पबचं छत एनॅमलच्या पत्र्यांचं असून मधोमध हंस रंगवलेला आहे. तरी गावात ‘ओल्ड स्वान’ फारसं कुणी म्हणत नाही, म्हणतात ‘मा पार्डोज’, तो वर्षानुवर्षं चालवणाऱ्या डोरिस पार्डो यांच्यावरून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःची बिअर स्वतः गाळणारे जे चारच पब ब्रिटनमध्ये उरले होते, त्यांतला हा एक.

इमारतीत दारं बघा. कामाच्या कपड्यांतल्यांसाठी ‘पब्लिक बार’ आणि जरा बऱ्या गिऱ्हाइकांसाठी, जास्त भावाची ‘स्मोक रूम’. जुन्या काचांवर ही अक्षरं अजून कोरलेली सापडतात. इथल्याच स्मेदिक गावातल्या ओतशाळांमध्ये पंजाबी कामगार आले, तेव्हा काही ठिकाणी हीच दारं रंगभेदाला कामी आली. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले. स्मोक रूममध्ये त्यांना पेय नाकारलं गेलं. त्याच वर्षी असा भेदभाव बेकायदा ठरला.

आज स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिचमधले कितीतरी पब पंजाबी कुटुंबं चालवतात. नाव ‘रेड लायन’च, पण समोर तव्यावर चुरचुरणारी मिक्स्ड ग्रिल येते. पीत नसाल तरी बिनधास्त जा, कुणी काही म्हणत नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी फुटबॉलची मॅच असेल तर टाळा, उभं राहायलाही जागा नसते.