सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही

प्रश्न: माझी जुनी पेट्रोल गाडी सकाळपासून चालूच होत नाहीये, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. बॅटरी बदलू का?

उत्तर: अहो थांबा, सेल्फ जोरात फिरतोय तर बॅटरीवर खर्च नको. चावी नुसती ऑन करा आणि मागच्या सीटपाशी कान द्या, २-३ सेकंद टाकीतल्या पेट्रोल पंपाची घूंऽऽ यायला हवी, नाही आली तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा छोटा स्विच) बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. पंप वाजतोय? मग प्लगला स्पार्क (ठिणगी) येतो का ते चेक करा, तोही नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा सेन्सर) संशय घ्या. मीटरवर इमोबिलायझरचा (चावी ओळखून चोरी रोखणारी यंत्रणा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा. आणि प्लीज, सलग १० सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मोटर तापून जळते.